कोथिंबीर संध्याकाळी स्वस्त होते, विमानाचं तिकीट का होत नाही?

बेळगावातल्या आमच्या शहापुरात, गल्लीत एक काकू राहतात. त्यांची लेक दिल्लीत असते, तिला नुकतीच मुलगी झाली. नातीला बघायला निघायचं म्हणून काकूंनी मला हाक मारली. गल्लीत कुणाचंही विमानाचं तिकीट काढायचं असलं की मला बोलावायचं, हे आता ठरूनच गेलं आहे.

"शनिवारचं काढ," काकू म्हणाल्या.

"शनिवारच का, काकू?"

"थोरल्याला त्या दिवशी लवकर सुटतं की. तोच सोडणार सांबऱ्याला."

सांबरा म्हणजे आमच्या बेळगावचा विमानतळ. काकूंचा थोरला मुलगा उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे. मी मोबाईलवर शनिवारचं भाडं दाखवलं आणि मग पुढच्या आठवड्याचं कॅलेंडर उघडलं. मंगळवारचं भाडं शनिवारच्या जवळपास निम्मं होतं. शहापूरहून सांबऱ्याला रिक्षा काय घेते ते काकूंना पाठ आहे. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग विचारलं, "विमान तेच?" तेच. "पोचायची वेळ तीच?" तीच. "मग असं का रे?"

त्यांना तेव्हा जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून आता पुष्कळ घरांतली माणसं विमानाने जातात-येतात, आणि तारीख ठरवताना थोडा विचार न केल्यामुळे हजारो रुपये जास्त मोजतात. हे पैसे वाचवायला कुठली युक्ती लागत नाही. भाडं कसं ठरतं एवढं कळलं तरी पुरतं.

परिवहनच्या लाल बसचा हिशेब आपल्याला कळतो. बेळगाव ते निपाणी जेवढे किलोमीटर, तेवढे पैसे. सोमवारी तेच, गुरुवारी तेच. विमानाचं भाडं किलोमीटरवर ठरत नाही. त्याच्या जवळपास जाणारी गोष्ट म्हणजे पुण्याहून येणारी खासगी ट्रॅव्हल्स. गणपतीच्या आदल्या दोन रात्री त्या स्लीपर बसचं तिकीट कुठे जातं ते पुण्यात शिकणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा. डिझेल तेवढंच जळतं, ड्रायव्हर तोच, टोलनाके तेच. त्या रात्री घरी यायला निघालेली माणसं तेवढी जास्त असतात. विमानात हाच प्रकार वर्षाचे ३६५ दिवस आणि दिवसाचे चोवीस तास चालू असतो, आणि तो संगणक चालवतो.

आता कोथिंबिरीकडे येऊ. सकाळी भाजी मार्केटात जुडीचा जो भाव असतो तो संध्याकाळी उतरतो, कारण उद्या ती पिवळी पडणार. विमानातली सीटही नाशवंतच. विमानाने सांबऱ्याची धावपट्टी सोडली की रिकाम्या सीटची किंमत शून्य. मग कोथिंबिरीच्या न्यायाने शेवटच्या दिवशी तिकीट मातीमोल व्हायला हवं. होतं उलटंच, शेवटच्या दिवशी ते सगळ्यात महाग असतं.

याचं कारण गिऱ्हाइकात आहे. संध्याकाळी उशिरा बाजारात येणारा माणूस स्वस्तातलं शोधत आलेला असतो. नाही मिळालं तर कोथिंबिरीवाचून आमटी करतो. विमानाच्या तिकिटाला उशिरा येणारा माणूस अडलेला असतो. कुणाची उद्या बेंगळुरात मीटिंग असते, कुणाचे वडील हॉस्पिटलात असतात, कुणाची कोर्टाची तारीख असते. तो भाव करत नाही. अडला हरी म्हणतात तसा मागतील ते देतो. आणि स्वस्तात जाऊ बघणारा माणूस, म्हणजे सुट्टीला निघालेलं कुटुंब, आधी येतं. विमान कंपनीला हे पक्कं ठाऊक असतं. शिवाय शेवटच्या दिवशी तिकिटं स्वस्त केली तर पुढच्या वेळी सगळेच शेवटच्या दिवसाची वाट बघत बसतील, हेही ती जाणते. म्हणून ती भाव उतरवण्यापेक्षा चार सीटा रिकाम्या नेणं पत्करते.

मृत्यूच्या बातमीनंतर घाईने काढलेलं तिकीट सगळ्यात महाग पडतं, ही गोष्ट मला आजही खटकते. पण व्यवस्था तशीच रचलेली आहे, आणि ती समजून घेतली तर निदान ज्या प्रवासाला घाई नाही त्यात तरी आपले पैसे राहतात.

एका विमानात किती भाडी?

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की विमानाचं एक भाडं असतं आणि ते रोज वाढतं. प्रत्यक्षात एकाच विमानात दहा-बारा वेगवेगळ्या भाड्यांच्या सीटा असतात. कंपनी सगळ्या सीटा कप्प्यांत वाटते. पहिल्या कप्प्यात थोड्या सीटा सगळ्यात कमी भावाच्या, दुसऱ्यात त्याहून थोड्या महाग, असं करत शेवटच्या कप्प्यात सगळ्यात महाग. खालचा कप्पा संपला की वरचा उघडतो. "काल चार हजार होतं, आज पाच हजार झालं" असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा कुणी भाव वाढवलेला नसतो. चार हजारांचा कप्पा रिकामा झालेला असतो.

खरा प्रश्न पुढचा आहे. कुठल्या कप्प्यात किती सीटा ठेवायच्या? याचं उत्तर १९७२ साली ब्रिटनच्या बीओएसी या विमान कंपनीतल्या केन लिटलवुड नावाच्या माणसाने एका साध्या नियमात मांडलं. आजचे मोठमोठे संगणक त्याच नियमाच्या खांद्यावर उभे आहेत. तो नियम आपण सांबऱ्याच्या विमानावर लावून बघू.

समजा, विमानात एक सीट उरली आहे. आज एक विद्यार्थी ३,००० रुपये द्यायला तयार आहे. सीट त्याला द्यावी, की शेवटच्या दिवशी ९,००० देणारा कुणी येईल म्हणून राखून ठेवावी? राखली आणि तो आला तर ९,०००. नाही आला तर शून्य. तो यायची शक्यता तीनात एक असेल तर राखलेल्या सीटची सरासरी किंमत ९,०००चा तिसरा हिस्सा, म्हणजे ३,०००. दोन्ही पारडी सारखी. शक्यता तीनात एकपेक्षा जास्त असेल तर कंपनी विद्यार्थ्याला स्वस्त कप्पा बंद झाल्याचं दाखवते. कमी असेल तर आनंदाने ३,०००ला विकते.

एवढंच आहे सगळं. हीच आकडेमोड प्रत्येक तारखेसाठी, प्रत्येक सीटसाठी, पुन्हा पुन्हा होत राहते.

आता तारखेला एवढं महत्त्व का ते बघा. जुलै महिन्यातल्या पावसाळी मंगळवारी ९,००० देणारा माणूस उगवण्याची शक्यता फार थोडी. म्हणून त्या दिवशी स्वस्त कप्प्यात भरपूर सीटा असतात आणि त्या आठवडाभर आधीपर्यंतही मिळू शकतात. दिवाळीच्या आदल्या शुक्रवारी मात्र महाग तिकीट घेणारे येणार हे जवळपास ठरलेलं, म्हणून त्या दिवशीचा स्वस्त कप्पा अगदी छोटा, कधीकधी पहिल्या दिवसापासूनच रिकामा. "मी तर चार महिने आधी बघितलं, तरी महाग" असं कुणी म्हणतं ते याचमुळे. चुकीच्या तारखेला लवकर तिकीट काढून जेवढं वाचतं त्याहून जास्त बरोबर तारखेला जरा उशिरा काढूनही वाचतं.

सांबऱ्याला आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, ती म्हणजे विमानांचा आकार. मुंबई-दिल्लीसारख्या मार्गावरच्या एअरबसमध्ये १८०च्या आसपास किंवा त्याहून जास्त सीटा असतात. आपल्याकडे येणाऱ्या लहान विमानांत, म्हणजे एटीआर किंवा एम्ब्रेअरमध्ये, ५० ते ७८. पन्नास सीटांच्या विमानात स्वस्त कप्पे किती मोठे असणार? एका लग्नघराने वीस तिकिटं काढली की खालचे सगळे कप्पे एका दुपारी साफ होतात. म्हणून लहान गावच्या विमानाचं भाडं मोठ्या शहरापेक्षा जास्त उड्या मारतं. आज महाग दिसलेली तारीख सोडून दोन दिवस पुढची-मागची बघितली तर इथे फरकही तेवढाच मोठा मिळतो.

जाता जाता उडान योजनेबद्दल. "पूर्वी बेळगावहून एवढ्या स्वस्तात जायचो" असं बरेच जण सांगतात, आणि ते खरं आहे. केंद्र सरकारच्या या योजनेत निवडलेल्या मार्गावर निम्म्या सीटांच्या भाड्याला मर्यादा असते. सुरुवातीला ती तासाभराच्या, साधारण ५०० किलोमीटरच्या प्रवासाला २,५०० रुपये होती. कंपनीला पडणारी तूट सरकार भरून देतं, पण ती तीन वर्षांपुरती. बेळगावचे मार्ग २०१९ साली तिसऱ्या फेरीत या योजनेत आले. अनुदानाची मुदत संपली की भाड्यावरची मर्यादाही जाते, आणि काही मार्ग तर बंदच होतात.

आपलं पंचांग, त्यांचा संगणक

विमान कंपनीचा संगणक मागच्या वर्षांचे आकडे बघून अंदाज बांधतो. आपण कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरची माणसं दोन राज्यांचं वेळापत्रक एका घरात जगतो, आणि त्याचा फायदा आपण फारसा कधी घेतलेला नाही.

शाळांच्या सुट्ट्याच बघा. कर्नाटकातल्या राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लागते आणि मेअखेरीस शाळा पुन्हा भरते. महाराष्ट्रात सुट्टी त्यानंतर लागते आणि शाळा जूनच्या मध्याला सुरू होते. दिल्लीकडच्या शाळा मे महिन्याच्या मध्यापर्यंत चालू असतात. म्हणजे एप्रिलचा उत्तरार्ध हा असा काळ आहे, जेव्हा बेळगावची मुलं मोकळी असतात आणि बाकी देशातली बरीच मुलं अजून वर्गात किंवा परीक्षेत. उत्तरेकडे फिरायला जायचं असेल, मामाकडे दिल्लीला जायचं असेल, तर हेच दिवस धरावेत. आपण काय करतो? "मे महिन्यात जाऊ" म्हणतो, कारण मामाच्या मुलांना तेव्हा सुट्टी. मे महिन्यात अख्खा देश निघतो, वर लग्नाचे मुहूर्तही तेव्हाच. मुलांनी एकमेकांना भेटायलाच हवं असेल तर तो खर्च करावा, त्यात वाईट काही नाही. पण वैष्णोदेवी किंवा ताजमहाल एप्रिलमध्येही तिथेच असतो.

दसऱ्याचंही तेच. कर्नाटकात दसऱ्याला शाळांना लांब सुट्टी मिळते. पुण्या-मुंबईत दसऱ्याला एक दिवस आणि लांब सुट्टी दिवाळीला. निपाणीतलं कुटुंब दसऱ्याच्या सुट्टीत मुंबईच्या आत्याकडे गेलं तर त्याला तुलनेने मोकळी विमानं मिळतात. तेच दिवाळीत गेलं तर दोन्ही राज्यांची गर्दी एकत्र अंगावर येते. दसऱ्यात कोलकात्याचा बेत मात्र करू नये, तिथे तेव्हा दुर्गापूजा असते.

गणपती आणि नवरात्र यांच्या मधला पितृपंधरवडा हा माझ्या मते वर्षातला सगळ्यात दुर्लक्षित काळ. लग्नं नाहीत, साखरपुडे नाहीत, सुट्ट्या नाहीत, पुष्कळ घरांत शुभकार्य आणि मोठा बेत टाळतात. म्हाताऱ्या आई-वडिलांना बेंगळुरात डॉक्टरांना दाखवायचं असेल, पोराच्या नव्या नोकरीच्या गावी एकदा जाऊन यायचं असेल, तर या पंधरा दिवसांची भाडी जरूर बघावीत. तसाच आषाढ-श्रावणाचा काळ. मुहूर्त थांबतात आणि पावसामुळे फिरणारेही घरी बसतात.

डिसेंबरची गोष्ट खास बेळगावची. इथल्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं, तेव्हा मंत्री, आमदार, अधिकारी, पत्रकार, कर्मचारी असे सगळे बेंगळूरहून इकडे येतात. सोमवारी सकाळी इकडे येणारी आणि शुक्रवारी संध्याकाळी परत जाणारी विमानं भरतात. त्याच महिन्यात नाताळ आणि नवीन वर्षासाठी गोव्याकडे ओघ लागलेला असतो, त्यामुळे गोव्याच्या विमानतळाचा आधारही तेव्हा महाग पडतो. डिसेंबरमध्ये कुणाला बेंगळूरहून बेळगावला यायचं असेल तर अधिवेशनाच्या तारखा वर्तमानपत्रात आल्या की लगेच त्या टाळून तिकीट काढावं.

यातून एक बारकी पण मोलाची गोष्ट निघते. गर्दीला दिशा असते. एरवी शुक्रवारी संध्याकाळी बेंगळुरातली आयटीवाली पोरं बेळगावला निघतात, रविवारी संध्याकाळी परत जातात. म्हणजे शुक्रवारी बेळगावहून बेंगळूरला जाणाऱ्या विमानात आणि रविवारी तिकडून येणाऱ्या विमानात गर्दी कमी. गणपतीच्या आधी सगळे इकडे येत असतात, तेव्हा इथून बाहेर जाणारं विमान बरंच मोकळं असतं. आई-वडील मुलाकडे गेले तर प्रवाहाच्या उलट जातात, मुलगा आई-वडिलांकडे आला तर प्रवाहाबरोबर येतो. दरवेळी पोरानेच यायचं असा नियम असलेल्या घरांनी कधीतरी उलट करून बघावं. आमच्या एका नातेवाईकांनी शनिवार-रविवार स्वतः बेंगळूरला जायला सुरुवात केली, तेव्हापासून भेटी वाढल्या आणि खर्च कमी झाला.

विमानतळ एकच नसतो

तारीख हलवता येत नसेल तर विमानतळ हलवून बघावा. सीमाभागातल्या माणसाला या बाबतीत देशातल्या फार थोड्या लोकांएवढी सोय आहे. सांबरा दाराशी, हुबळी साधारण १०० किलोमीटर, कोल्हापूरचं उजळाईवाडी साधारण ११०, आणि घाट उतरला की गोव्यात दाबोळी आणि पेडण्याजवळचं मोपा असे दोन विमानतळ. मोपाहून जानेवारी २०२३ मध्ये विमानं उडायला लागली, तेव्हापासून गोव्याला जाणाऱ्या कंपन्या आणि सीटा दोन्ही वाढल्या. निपाणीच्या माणसाला तर बेळगावपेक्षा कोल्हापूरच जवळ, तरी सवयीने तो सांबऱ्याचंच भाडं बघतो.

देशांतर्गत प्रवासात जायचं आणि यायचं तिकीट एकत्र काढलं म्हणून सहसा सूट मिळत नाही. दोन वेगळी तिकिटं काढली तरी बेरीज तेवढीच होते. त्यामुळे जाताना सांबऱ्याहून एका कंपनीने आणि येताना कोल्हापूरला दुसऱ्या कंपनीने, असं बिनधास्त करता येतं.

पण इथे पूर्ण हिशेब मांडायला हवा. समजा, गोव्याहून दिल्लीचं तिकीट सांबऱ्यापेक्षा माणशी १,५०० रुपयांनी स्वस्त आहे. एकट्याने जायचं असेल आणि घाटातून टॅक्सीला ३,५०० पडत असतील तर तोटा. चार जण असतील तर तिकिटात ६,००० वाचले, टॅक्सीला ३,५०० गेले, हातात २,५०० राहिले. त्यातून वाटेतलं जेवण आणि पहाटे तीनला उठण्याचा त्रास वजा करा, मग ठरवा.

आणि चोर्ला घाटाचा भरवसा पावसाळ्यात धरू नका. काही वर्षांपूर्वी जुलैत मी स्वस्त तिकिटासाठी गोव्याहून जायचं ठरवलं. घाटात झाड पडलं होतं, दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग. पाऊस इतका की काचेबाहेर दहा फुटांवरचं दिसत नव्हतं. शेजारच्या सीटवर आई, मांडीवर कुंद्याचे दोन डबे, आणि मोबाईलवर विमानाची वेळ जवळ येत चाललेली. विमान गेलं. दुसऱ्या दिवशीचं तिकीट शेवटच्या कप्प्यातलं मिळालं, आणि वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट पैसे भरले. तेव्हापासून जून ते सप्टेंबर घाटाखालचा विमानतळ मी हिशेबात धरत नाही, किंवा धरलाच तर आदल्या रात्री खाली उतरून मुक्काम करतो.

असाच धोका दोन वेगळ्या तिकिटांच्या जोडप्रवासात असतो. सांबरा ते बेंगळूर एका कंपनीने आणि तिथून कोलकाता दुसऱ्या कंपनीने, अशी स्वस्तातली दोन तिकिटं वेगवेगळी काढली आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही देत नाही. एकाच तिकिटावर जोडविमान असेल तर पुढे पोचवायची जबाबदारी कंपनीची. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीकडे धुक्याने विमानं खोळंबतात, तेव्हा तर हा फरक डोळ्यांत तेल घालून बघावा.

तिकीट काढायला बसल्यावर

आधी एक दिवस टाकून शोधू नका, पूर्ण महिना उघडा. गूगल फ्लाइट्सवर तारखांचा तक्ता आणि भाड्याचा आलेख दिसतो, स्कायस्कॅनरवर पूर्ण महिन्याची भाडी एकत्र बघता येतात. काकूंना मी हाच तक्ता दाखवला होता. वरच्या ओळीत जायच्या तारखा, बाजूला परतीच्या, आणि मधल्या चौकटीत भाडं. आकड्यांची भीती वाटणाऱ्या माणसालाही कुठली चौकट स्वस्त ते एका नजरेत कळतं. लहान कंपन्यांची विमानं अशा ठिकाणी कधीकधी दिसत नाहीत, म्हणून सांबऱ्याला येणाऱ्या कंपन्यांची स्वतःची वेबसाइटही बघावी. शेवटी तिकीट काढताना तर मी कंपनीच्याच वेबसाइटवर जातो, कारण तारीख बदलायची किंवा पैसे परत घ्यायची वेळ आली तर मध्ये तिसरा कुणी नसलेला बरा.

चार जणांचं तिकीट असेल तर आधी एकाचं शोधा. स्वस्त कप्प्यात तीनच सीटा उरल्या असतील आणि तुम्ही चार मागितल्या, तर बऱ्याचदा चौघांनाही वरच्या कप्प्याचं भाडं लागतं. समजा, एकाला ४,१०० दाखवतं आणि चौघांना प्रत्येकी ५,२००. तीन तिकिटं आधी ४,१००ने काढली आणि चौथं वेगळं काढलं तर ३,३०० रुपये वाचले. मात्र घरातलं लहान मूल एकट्याच्या तिकिटावर जाणार नाही एवढी काळजी घ्या.

मंगळवारी मध्यरात्री तिकीट काढलं की स्वस्त मिळतं, मोबाईलमधली हिस्टरी पुसली की भाव उतरतो, असं पुष्कळ ऐकायला मिळतं. यात वेळ घालवू नका. तुम्ही कुठल्या वारी प्रवास करता याला महत्त्व आहे, कुठल्या वारी तिकीट काढता याला नाही. भाडं पुन्हा बघताना वाढलेलं दिसलं तर मधल्या वेळात कप्पा संपलेला असण्याची शक्यता जास्त.

किती आधी काढावं? साध्या दिवसांसाठी एक ते दोन महिने आधी काढलं की मला बहुतेक वेळा बरं भाडं मिळालेलं आहे. गणपती, दिवाळी, मे महिना असेल तर जेवढं लवकर तेवढं चांगलं.

भाड्याबरोबर सामानाचं वजनही बघा. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातलं सामान चालतं, पण अगदी स्वस्तातल्या काही तिकिटांत चेक-इनचं सामान धरलेलं नसतं. लेकीकडे जाणाऱ्या आईच्या पिशवीत तांदूळ, चटण्या, कुंदा, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू असतात. ती पिशवी विमानतळावर वजनकाट्यावर ठेवल्यावर वाचवलेले पैसे तिथेच जायला नकोत.

आणि बेत मोडला तर? तिकीट परत न होणारं असलं तरी सगळे पैसे बुडत नाहीत. सरकारी कर आणि विमानतळाची फी हे पैसे प्रवास न झाल्यास परत द्यावे लागतात, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा नियम आहे. सवलतीच्या तिकिटालाही तो लागू आहे आणि विमान चुकलं तरीही. रद्द करण्याचा आकार मूळ भाडं आणि इंधन आकार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. स्वस्त तिकीट रद्द करून काय मिळणार म्हणून पुष्कळ जण हे पैसे मागतच नाहीत. मागा, ते आपले आहेत.

काकूंनी मंगळवारचं तिकीट घेतलं. सांबऱ्याला सोडायला कोपऱ्यावरचा ओळखीचा रिक्षावाला ठरला. परतीचं विचारलं तर म्हणाल्या, "नात सोडेल तेव्हा येईन." मी त्यांच्या मोबाईलवर परतीच्या महिन्यासाठी भाडं उतरल्याची सूचना लावून दिली आणि कॅलेंडरवरचे दोन शुक्रवार-रविवार दाखवून सांगितलं, हे चार दिवस सोडून कधीही या. त्यांनी ते भिंतीवरच्या पंचांगात पेनाने खूण करून ठेवले, संकष्टीच्या शेजारी.